भूमीखालचे ऋण

धर्मशास्त्रकारांनी पुण्यकर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन वर्ग केले आहेत. यज्ञयागादी कर्मे ती इष्ट. विहिरी, तळी, बागा, धर्मशाळा यांची उभारणी ती पूर्त. इष्टाचे फळ कर्त्याकडे परत येते. पूर्ताचे फळ मात्र प्रथम अनोळखी माणसाच्या पदरी पडते. विहीर खोदणाऱ्याला तिचे पाणी उद्या कोण पिणार, हे ठाऊक नसते. देवी अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या विहिरी, बारव आणि घाट यांमागची दृष्टी हीच होती. होळकर, शिंदे, गायकवाड, पवार यांच्याबरोबर नर्मदेच्या अल्याडपल्याड येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांनाही ही दृष्टी अपरिचित नाही. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या वाड्यांत आजही एखादा आड असतो आणि तो कोणत्या पिढीने खोदला हे घरात सांगितले जाते.

आता याच्या उलट कर्माचा विचार करावा. एखाद्याने भूमीखालच्या पाण्यात विष सोडले आणि ते कोण पिणार हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे तो मनुष्य किंवा ती कंपनी निघून गेली. विष मात्र राहिले. हे ऋण कोणी फेडावे? ज्याने पाप केले त्यानेच, हे उत्तर सहज सुचते आणि ते न्याय्यही आहे. पण तो हाती लागत नसेल, किंवा हाती लागूनही देत नसेल, तर ऋण संपले असे म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा विचार भोपाळच्या उदाहरणावरून करू इच्छितो.

भोपाळ म्हटले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेट वायूने हजारो माणसे मारली आणि लाखोंना जन्माचे दुखणे दिले. पण त्याच कारखान्याची दुसरी एक कथा आहे. ती त्या रात्रीच्या आधी सुरू झाली आणि अद्याप संपलेली नाही. कीटकनाशके तयार करताना उरणारा रासायनिक कचरा कारखान्याच्या आवारात ठिकठिकाणी खड्ड्यांत टाकला जात असे. १९७७ पासून सांडपाणी आवाराबाहेर उत्तरेस बांधलेल्या बाष्पीभवन तलावांत सोडले जाऊ लागले. सुमारे १४ हेक्टरांवर पसरलेल्या या तलावांच्या तळाशी प्लास्टिकचे अस्तर होते. पाणी उन्हाने उडून जावे आणि गाळ तळाशी राहावा, अशी ही योजना होती. परंतु तलावांतून गळती होत असल्याची नोंद १९८२ सालच्या कंपनीच्या स्वतःच्या पत्रव्यवहारात सापडते. म्हणजे वायुकांडाच्या दोन वर्षे आधीच भूमीत विष झिरपत होते आणि ते झिरपत असल्याचे ज्यांना कळायला हवे त्यांना कळले होते.

पुढे १९८९ मध्ये कंपनीने आवारातील माती आणि पाण्याची जी तपासणी करविली, तिच्यात काही नमुन्यांत सोडलेले सर्व मासे मेले. ही गोष्ट अमेरिकेतील खटल्यांच्या निमित्ताने अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली तेव्हा जगाला समजली. १९९९ मध्ये ग्रीनपीस संस्थेने कारखान्याच्या परिसरातील पाण्याचे नमुने तपासले. कारखान्याच्या भिंतीलगतच्या अटल अयूब नगरातील एका हातपंपाच्या पाण्यात लिटरमागे ३,४१० मायक्रोग्रॅम कार्बन टेट्राक्लोराइड आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची मर्यादा २ मायक्रोग्रॅम होती. म्हणजे हे प्रमाण १,७०५ पट झाले. त्या हातपंपाचे पाणी पिणाऱ्यांत वायुकांडानंतर जन्मलेली मुलेही होती. वायूच्या रात्री ती या जगात नव्हती, त्यामुळे वायुपीडितांच्या यादीत त्यांचे नाव असण्याचे कारण नव्हते.

हे विष इतकी वर्षे टिकते कसे, हे समजून घेतल्याशिवाय पुढील नैतिक प्रश्नाचे स्वरूप कळणार नाही. भूमीखाली पाण्याची नदी वाहते, अशी आपली बाळबोध कल्पना असते. प्रत्यक्षात पाणी वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांतून आणि खडकांच्या भेगांतून अत्यंत मंद गतीने सरकते. क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड, डायक्लोरोबेंझीन ही द्रव्ये पाण्याहून जड आहेत आणि पाण्यात फारच थोडी विरघळतात. त्यामुळे ती तेलाप्रमाणे वर तरंगत नाहीत. पाण्याचा थर भेदून खाली उतरतात आणि एखाद्या अभेद्य थरावर साचून बसतात. तेथून वर्षानुवर्षे ती थोडी थोडी पाण्यात उतरत राहतात. चिकणमातीच्या थरात शिरलेला अंश तर वरचे पाणी स्वच्छ झाल्यावर उलट बाहेर पडू लागतो. म्हणूनच जगात अनेक ठिकाणी असा अनुभव आला आहे की पंपाने पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून शुद्ध केले, आकडे खाली आले, समाधानाने पंप बंद केले आणि काही काळाने आकडे पुन्हा चढले.

आपल्या जुन्या सावकारी व्यवहारात दामदुपटीचा नियम होता. व्याज कितीही साचले तरी मुद्दलाहून अधिक मागता येत नसे. ऋणकोला जगू द्यावे, असा त्यामागील दयाभाव होता. भूमीखालच्या या ऋणाला दामदुपट नाही. पहिल्या वर्षी चार खड्डे उकरून जे काम झाले असते, त्यासाठी पुढे सबंध परिसर उकरावा लागतो. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० च्या सुमारास केलेल्या अभ्यासात दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन इतका दिला.

आता या ऋणाचे ऋणको शोधू लागावे, तर काय दिसते? कारखान्याची मालकी असलेल्या भारतीय कंपनीतील आपला हिस्सा मूळ अमेरिकन कंपनीने १९९४ मध्ये विकला. नव्या मालकांच्या कंपनीने, जिचे नाव आता एव्हरेडी झाले होते, १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन राज्य शासनास परत केली. २००१ मध्ये डाऊ केमिकल या कंपनीने मूळ अमेरिकन कंपनी विकत घेतली. पण भोपाळचे दायित्व आपल्याकडे येत नाही, अशी तिची भूमिका राहिली. अमेरिकेतील न्यायालयात रहिवाशांनी भूजलाच्या प्रदूषणाबद्दल जे दावे लावले, त्यांत २०१६ पर्यंत त्यांच्या विरुद्ध निकाल लागले. कचऱ्याची व्यवस्था भारतीय कंपनीची होती, अमेरिकेतील मूळ कंपनीची नव्हे, असे मानले गेले. १९८९ ची ४७ कोटी डॉलरांची तडजोड वायुकांडाच्या दाव्यांची होती. ती वाढवून मिळावी म्हणून केंद्र शासनाने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. जमीन आज राज्य शासनाची आहे. पण राज्य शासनाने तर विष टाकले नव्हते.

ही साखळी पाहिली म्हणजे ध्यानात येते की यातील प्रत्येक दुव्याचे म्हणणे कायद्याच्या भाषेत मांडता येते आणि ते पूर्णपणे निराधारही नसते. तरीही शेवटी हाती शून्य उरते. आमच्या मते हा गोंधळ दोष आणि दायित्व या दोन कल्पना एकच मानल्याने होतो. दोष व्यक्तीला चिकटलेला असतो. जे केले नाही त्याचा दोष कोणी माझ्या माथी मारू शकत नाही, हे नीतीचे मूलतत्त्व आहे. दायित्वाचे तसे नाही. ते लाभाबरोबर, ताब्याबरोबर आणि ज्ञानाबरोबर येते.

लाभाचा विचार आधी करू. जो वारसा घेईल त्याने ऋणही फेडावे, असा याज्ञवल्क्यस्मृतीचा दंडक आहे. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य आहे, हा हिंदू कायद्यातील जुना सिद्धान्त २००५ च्या दुरुस्तीने पुढील ऋणांपुरता संपला. परंतु मालमत्ता घ्यायची आणि तिच्यावरचा बोजा नाकारायचा, हे कोणत्याही काळातील व्यवहारी माणसाला पटणार नाही. ज्याने कंपनी विकत घेतली, त्याने तिची पेटंटे, तिची बाजारातील पत आणि तिचे उत्पन्न घेतले. मग तिची तळी कोणाची?

ताब्याचे तत्त्व त्याहून सोपे आहे. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाने जमीनमालकास आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा अधिकार मानला. त्या काळी पाणी हे जमिनीचे उपांग समजले जाई. पण भूमीखालचे पाणी सात-बाराच्या उताऱ्यातील रेषा ओळखत नाही. आपल्या जमिनीखालून निघालेले पाणी शेजाऱ्याच्या हातपंपात जाते. उपशाचा अधिकार जर जमिनीबरोबर येत असेल, तर तेथून विष बाहेर जाऊ न देण्याचे कर्तव्यही जमिनीबरोबरच यावयास हवे. १९९८ साली राज्याने ती जमीन परत घेतली, तेव्हा तिच्याखाली जे होते तेही घेतले, असेच म्हटले पाहिजे. अमेरिकेने लव्ह कॅनालच्या प्रकरणानंतर १९८० मध्ये जो कायदा केला, त्यात जुन्या कृत्यांबद्दलही आणि जमिनीच्या विद्यमान धारकावरही दायित्व टाकले. ज्या देशाने स्वतःच्या भूमीसाठी हा नियम केला, त्याच देशातील कंपनीच्या बाबतीत भोपाळकरांना मात्र निराळे उत्तर मिळाले, ही विसंगती नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दोषी स्पष्ट असला म्हणजे सारे सुरळीत होते, असेही नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८७ च्या सुमारास एच ॲसिड नावाचे रंगद्रव्यांना लागणारे रसायन काढणारे कारखाने चालू झाले. थोड्याच काळात तेथील विहिरींचे पाणी रंगीत झाले आणि माणसांच्याच नव्हे, पिकांच्याही उपयोगाचे उरले नाही. १९८९ मध्ये याचिका दाखल झाली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी, हे तत्त्व निःसंदिग्धपणे लागू केले; नागपूरच्याच संस्थेच्या अहवालाच्या आधारे शुद्धीकरणाचा खर्च ३७ कोटींहून अधिक ठरला. ती रक्कम टाळण्यासाठी कंपन्यांनी अर्जांमागून अर्ज केले. अखेर १८ जुलै २०११ रोजी न्यायालयाने त्या रकमेवर चक्रवाढ व्याज लावले. दोष सिद्ध झाला, रक्कम ठरली, तरी पंधरा वर्षे गेली. आणि न्यायालयाची तारीख पडते म्हणून भूमीखालचे पाणी थांबून राहत नाही.

आता ज्ञानाकडे वळू. या विवेचनात आम्हांस तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. भूजलाचे प्रदूषण डोळ्यांना दिसत नाही. ते पाहावयाचे म्हणजे निरीक्षण विहिरी खोदाव्या लागतात. पाणी कोणत्या दिशेने सरकते हे कळण्यास निदान तीन ठिकाणची पातळी मोजावी लागते. नमुना घेण्यापूर्वी विहिरीत साचून राहिलेले पाणी उपसून टाकावे लागते. बाटली काठोकाठ भरावी लागते, कारण थोडी हवा राहिली तरी उडून जाणारी रसायने तीत निसटतात. नमुना बर्फात ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. एकदा मोजून काही कळत नाही. पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर, असे वर्षानुवर्षे मोजावे लागते. हे काम कष्टाचे आणि कंटाळवाणे आहे, आणि ते करणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे.

परंतु शासकीय सेवेत अनेक वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. निर्णय घ्यावयाचा नसला म्हणजे अहवाल मागवावा. अहवाल आला म्हणजे तो अपुरा ठरवून दुसरा मागवावा. कागद हलत राहतो आणि हलणारा कागद कामाचा भास निर्माण करतो. भोपाळात १९९० पासून आजवर किती संस्थांनी किती नमुने घेतले! प्रदूषण कुठवर पसरले याविषयी त्यांच्यात मतभेदही झाले. तेवढ्यात लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीनुसार बाधित वस्त्यांची संख्या चाळीसवर गेली. मोजमाप हे वैद्याने नाडी पाहण्यासारखे आहे. नाडी पाहून औषध न देता वैद्य दर महिन्यास पुन्हा नाडीच पाहत राहिला, तर रोगी त्याला काय म्हणेल? आणि रोग कळला नव्हता, असे तर त्या वैद्याला मुळीच म्हणता येणार नाही. जो मोजतो तो जाणतो. जो जाणतो तो बांधला जातो. १९८२ च्या गळतीची नोंद करणाऱ्यापासून आजच्या अहवालकर्त्यापर्यंत हाच नियम लागू आहे.

येथे एक व्यवहारी आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लोकांना शुद्ध पाणी हवे ना? मग नळ द्यावेत, हातपंप बंद करावेत आणि भूमीखालचे पाणी तसेच सोडावे. शेकडो कोटी जमिनीत ओतण्यापेक्षा तेच दवाखान्यांना द्यावेत. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश दिला आणि पुढे कोलार धरणाचे पाणी नळाने आणले गेले, ते अत्यावश्यकच होते. पण तेवढ्याने ऋण फिटत नाही. दूषित पाणी एका जागी राहत नसल्याने आज बंद केलेल्या हातपंपापलीकडचा हातपंप उद्या बंद करावा लागेल. उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की गरीब मनुष्य बंद हातपंपाकडेच वळेल. शिवाय एखादा जलसाठा कायमचा टाकून देणे हा निर्णय आपण अद्याप न जन्मलेल्यांच्या वतीने घेत असतो आणि त्यांची संमती आपल्याजवळ नसते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आडात पाणी आहे, पण पोहरा सोडण्याची सोय उरलेली नाही.

दुसरा पेच अधिक अवघड आहे आणि तो आम्हा इंदूरकरांच्या दारापर्यंत आलेला आहे. कारखान्याच्या आवारातील जमिनीवरचा ३३७ टन कचरा २००५ पासून तेथील गोदामात भरून ठेवलेला होता. २००४ मध्ये उच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेत ३ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे वायुकांडास बरोबर चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, तो हलविण्याचा सक्त आदेश झाला. जानेवारी २०२५ च्या आरंभी बारा बंद कंटेनरांतून तो धार जिल्ह्यातील पीथमपूरला आणला गेला आणि त्याच वर्षी ३० जूनपर्यंत तेथील भट्टीत जाळण्यात आला. वायूत सोडलेली द्रव्ये मर्यादेत होती, असे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले. उरलेली राख चुन्यादी द्रव्यांसह मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक भरली. पीथमपूरच्या लोकांनी कचरा येताच रस्त्यावर येऊन विचारले, की भोपाळचे विष आमच्याकडे का? इंदुरातही अनेकांनी यशवंत सागरच्या पाण्याची चिंता व्यक्त केली.

तो प्रश्न आम्ही स्वार्थी मानत नाही. पण ज्यांनी तो विचारला त्यांनी, आणि आम्हीही, आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावयास हवा होता. हेच विष अटल अयूब नगरच्या लोकांच्या पायांखाली चाळीस वर्षे होते, तेव्हा आपण कोठे होतो? दारी आल्यावर जे विष असह्य वाटते, ते दुसऱ्याच्या दारी सह्य का वाटावे? आणि दिसणारे ३३७ टन हलले म्हणून सबंध काम झाले, असे मानणे तर मोठीच फसवणूक होईल. ११ लाख टन माती कोणत्याही कंटेनरात मावत नाही आणि तिच्याखालचे पाणी कोणत्याही भट्टीत जाळता येत नाही. जे दिसते ते उचलणे आणि जे दिसत नाही ते विसरणे ही माणसाची जुनी खोड आहे. भूजलाच्या बाबतीत ती घातक ठरते.

मग करावयाचे काय? पाणी पूर्ववत निर्मळ होईल असे वचन देणे खोटे ठरेल. विज्ञानच ते देत नाही. परंतु संपूर्ण ऋण फेडता येत नाही म्हणून काहीच न फेडणे याला दिवाळखोरी म्हणतात. विषाचे मूळ असलेली माती व गाळ बंदिस्त करणे, सर्वाधिक दूषित भागातील पाणी उपसून शुद्ध करणे, जेथे ते शक्य नाही तेथे लोखंडाच्या चुऱ्याच्या भिंतीसारखे मार्गातच विष मोडणारे उपाय योजणे, हे जगात अन्यत्र केले गेले आहे. आणि जे उरेल त्याची राखण करावी लागेल. निरीक्षण विहिरींचे आकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जावेत आणि ते प्रयोगशाळेच्या कपाटात न राहता वस्तीतल्या शाळेच्या भिंतीवर, वस्तीच्या भाषेत लागावेत. अशी राखण म्हणजे शिक्षा नव्हे. वारसाने घेतलेली जबाबदारी आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. दूषित जागा शोधणे, तपासणे, जबाबदार व्यक्ती निश्चित करून तिच्याकडून खर्च घेणे आणि ती न सापडल्यास केंद्र व राज्य यांनी तो वाटून घेणे, अशी त्यांत व्यवस्था आहे. दोष आणि दायित्व यांतला भेद निदान कागदावर मान्य झाला, म्हणून आम्ही तिचे स्वागत करतो. कर भरणाऱ्याने दुसऱ्याच्या पापाचे पैसे का द्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की दोषी सापडेपर्यंत तान्ह्या मुलाने तहानलेले राहावे, हा त्याला एकच पर्याय आहे. प्रथम शुद्धीकरण, मग वसुली, हा क्रम लागला पाहिजे. आजवर तो उलटा लागला आणि म्हणून दोन्ही राहून गेले.

हा प्रश्न भोपाळपुरता नाही. हैदराबादजवळचे पाटणचेरू, वडोदऱ्याजवळचे नंदेसरी, आमच्या जवळचे पीथमपूर, जेथे जेथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथे तेथे कारखान्यांची वसाहत आली आणि तिच्याबरोबर नोकऱ्या आल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरांतील मुलांची शिक्षणे त्या पगारांवर झाली. हा लाभ आपण घेतला आहे. त्याचा बोजा केवळ कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्यांनी उचलावा, हे न्यायाचे नाही. आपल्या मंडळांतून व्याख्यानमाला होतात, ग्रंथालये चालतात. जवळच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या विहिरींचे आकडे माहितीच्या अधिकाराखाली दरवर्षी मागवून ते आपल्या सूचनाफलकावर लावणे, एवढे तरी प्रत्येक मंडळाला सहज करता येईल. आपल्या पूर्वजांनी अनोळखी वाटसरूसाठी विहिरी खोदल्या. आपल्या वाट्याला नव्या विहिरी खोदण्याचे काम फारसे उरलेले नाही. ज्या आहेत त्यांच्या पाण्यात काय आहे ते विचारत राहणे आणि उत्तर कळल्यावर स्वस्थ न बसणे, हे आजचे पूर्तकर्म आहे.